मानेने मोरिझोचे हिरवे डोळे काळे का केले?

कोरा_कॅनव्हास (धागाकर्ती)

फ्रेंच चित्रकार एदुआर मानेने १८७२ साली रंगवलेलं बेर्थ मोरिझोचं व्यक्तिचित्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे पाहिलं असेल. काळी टोपी, काळा पोशाख, मागे करडा-पांढरा उजेड आणि छातीशी व्हायोलेट फुलांचा एक गुच्छ, जो पहिल्या नजरेत दिसतही नाही. तैलरंग, कॅनव्हास, आकार साधारण ५५ बाय ४० सेंटिमीटर. म्हणजे आपल्याकडे दिवाणखान्यात आजोबांचा फोटो लावतात तेवढंच. १९९८ पासून ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे आणि बेर्थ मोरिझो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र येतं.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. मोरिझो स्वतः चित्रकार होती, आणि हौशी नव्हे. इम्प्रेशनिस्टांची (सरकारी प्रदर्शनाबाहेर स्वतःची प्रदर्शनं भरवणारा चित्रकारांचा गट) आठ प्रदर्शनं झाली, त्यातल्या सातांत तिची चित्रं होती. मानेचं एकातही नव्हतं. 'पाळणा' हे तिचं सर्वांत नावाजलेलं चित्रही १८७२ चंच. पण लोकांना ती आठवते ती दुसऱ्याच्या चित्रातला एक चेहरा म्हणून.

आणि तो चेहरा तरी तिचा आहे का? तिचे डोळे हिरवट होते, मानेने ते काळेभोर केले. ज्याला आपण वास्तववादी म्हणतो, जो देवदेवता आणि रोमन सेनापती सोडून समोरचं पॅरिस रंगवायला निघाला, त्याने समोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांचा रंगच बदलला. एखाद्या साध्या धंदेवाईक चित्रकाराने असं केलं असतं तर गिऱ्हाईकाने चित्र परत केलं असतं. माने करतो तेव्हा मात्र 'काय ती नजर!'

एकच मुद्दा असता तर सोडून दिला असता. पण हा माणूस तिच्या बाबतीत असंच वागत आलाय. १८७० मध्ये सलोंसाठी, म्हणजे पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनासाठी, तिने आई आणि बहिणीचं चित्र केलं होतं. माने बघायला आला. छान आहे म्हणाला, फक्त झग्याचा खालचा भाग जमला नाही. मग ब्रश घेतला, दोन फटकारे मारले. झग्यावरून चोळीवर, चोळीवरून चेहऱ्यावर, चेहऱ्यावरून मागच्या भिंतीवर. थांबेचना. हसतोय, थट्टा करतोय, तिच्या हातात पॅलेट देतोय, परत काढून घेतोय. संध्याकाळचे पाच वाजले, चित्र न्यायला गाडीवाला दारात उभा, आणि तिच्या मते तोवर चित्राचं पुरतं व्यंगचित्र झालं होतं. हे सगळं तिनेच पत्रात लिहून ठेवलंय. आईला गंमत वाटली, तिला जिवावर आलं.

तेव्हा माझं म्हणणं असं की हे व्यक्तिचित्र महान असेल, पण ते मोरिझोचं नाही. ते मानेचं आहे, तिचा चेहरा वापरून केलेलं. बोला.

—

काळी_शाई

असहमत, आणि जरा सविस्तर असहमत.

मी स्वतः एचिंग (धातूच्या पत्र्यावरून छापचित्रं) करतो, त्यामुळे माझा चष्मा वेगळा आहे हे आधीच सांगतो. माने नुसता तैलचित्रकार नव्हता. १८६२ मध्ये पॅरिसच्या एचिंग करणाऱ्यांनी जी संस्था काढली, तिच्या पहिल्या सभासदांत तो होता. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात सोडायचा, मग रेघांत शाई भरून वरची पुसून काढायची. हे काम तो हे चित्र काढायच्या आधी दहा वर्षं करत होता. ज्याने हे केलंय त्याला काळा म्हणजे रंगाचा अभाव असं वाटतच नाही. पत्रा पुसताना कळतं की काळ्याच्या दहा जाती असतात. कुठे तो मखमलीसारखा बसतो, कुठे नुसती काजळी राहते.

आता हे चित्र बघा. मानेची सवय समोरून सपाट उजेड टाकायची. चेहरा जवळजवळ बिनसावलीचा, त्यावरून त्याला शिव्याही खूप पडल्या. इथे मात्र उजेड एका बाजूने येतो आणि अर्धा चेहरा सावलीत जातो. सगळं चित्र दोनच गोष्टींवर उभं आहे, उजळ आणि गडद. अशा चित्रात दोन हिरवे ठिपके ठेवून बघा. नजर तिथे अडकते आणि टोपी, केस, डोळे, पोशाख अशी जी काळ्याची साखळी वरून खाली येते ती मधेच तुटते.

पुढचा पुरावा असा की याच चेहऱ्याचं त्याने एचिंग केलं, आणि दोन शिळाछापंही (दगडावर रेखाटून घेतलेली छापं). एक गडद, भरलेलं. दुसरं जवळजवळ नुसत्या रेषांचं. तोच चेहरा तो काळ्या-पांढऱ्यात पुनःपुन्हा तपासत होता. डोळे काळे झाले ते या हिशेबातून. तिचं काही हिरावून घ्यायला नव्हे.

—

तिरकस_पेठकर

थोडक्यात, शाई संपवायची होती म्हणून डोळे काळे. समजलं.

—

प्रश्नचिन्ह

काळी_शाई, एक गाठ सुटत नाही. तैलचित्र १८७२ चं, छापं त्याच्यावरून केलेली. म्हणजे छापं नंतरची. मग छापांमुळे डोळे काळे झाले असं कसं म्हणता येईल?

दुसरं, धागाकर्तीलाही विचारतो. डोळे हिरवट होते हे सांगतो कोण? कवी पॉल व्हालेरी. त्याचं लग्न मोरिझोच्या भाचीशी झालं १९०० मध्ये. मोरिझो वारली मार्च १८९५ मध्ये. म्हणजे तो त्या घरात जावई म्हणून आला तेव्हा मावशीबाईंना जाऊन पाच वर्षं झाली होती. त्याने लिहिलं ते घरात ऐकलेलं असणार. खोटं म्हणत नाही, घरच्या बायकांना मावशीच्या डोळ्यांचा रंग नक्की ठाऊक असणार. पण आपण ते पारपत्रावरच्या नोंदीसारखं वापरतोय.

आणि याच व्हालेरीने १९३२ च्या मानेच्या मोठ्या प्रदर्शनासाठी लिहिताना या टोपीला सुतकातली टोपी म्हटलंय. मोरिझोचे वडील गेले जानेवारी १८७४ मध्ये. १८७२ च्या चित्रात त्यांचं सुतक कुठून आलं? काळा तेव्हा पॅरिसमधल्या बायकांचा ऐटीचा रंग होता. सांगायचा मुद्दा, कवी बघतो तेव्हा तोही रंग भरतोच.

—

काळी_शाई

छापं नंतरची हे मान्यच आहे. मी 'छापांमुळे' म्हटलं नाही, छापकामाने घडलेल्या डोळ्यामुळे म्हटलं. दहा वर्षं पत्रा खरवडलेला माणूस तैलरंग लावतानाही तसाच बघतो. स्वतःच्या 'ऑलिंपिया' या चित्राचं त्याने एचिंग केलं. मेक्सिकोच्या बादशहाच्या, मॅक्सिमिलियनच्या, गोळ्या घालून केलेल्या वधाचं शिळाछाप केलं. ते फ्रेंच सरकारला इतकं झोंबलं की १८६९ मध्ये छापायलाच बंदी आली. १८७१ च्या पॅरिसमधली कत्तलही त्याने दगडावर उतरवली. हे सगळं या चित्राच्या आधीचं किंवा लगतचं आहे.

व्हालेरीचा मुद्दा आवडला.

—

मधुमालती

मी मानेच्या बाजूने. पण काळी_शाईंच्या कारणाने नाही.

एक प्रसंग कुणीच काढला नाही म्हणून लिहिते. हे चित्र तेओदोर द्युरे या समीक्षक-संग्राहकाकडे होतं. मार्च १८९४ मध्ये द्युरेचा संग्रह लिलावात निघाला. माने तेव्हा जाऊन अकरा वर्षं झालेली, मोरिझोचा नवरा, म्हणजे मानेचा धाकटा भाऊ, तोही गेलेला. त्या लिलावात दोन गोष्टी घडल्या. मोरिझोचं स्वतःचं एक चित्र, नाचाला निघालेल्या पोशाखातल्या तरुणीचं, १८७९ चं, फ्रेंच सरकारने विकत घेतलं. कवी मालार्मेने त्यासाठी खटपट केली होती. आणि त्याच लिलावात मोरिझोने हे काळ्या टोपीतलं चित्र स्वतःसाठी घेतलं.

आता मला सांगा, ज्या चित्राने आपला चेहरा पळवला असं वाटतं, त्यावर बाई पैसे घालते? तिच्यापाशी निवड होती. ती त्या घराण्यातलीच होती, मानेची चित्रं घरात होतीच. तरी हे बाहेर गेलेलं तिने परत आणलं. पुढे ते तिच्या लेकीकडे, जूलीकडे राहिलं आणि घराण्यातच टिकलं. डोळ्यांचा रंग तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत होता, नाही का?

—

कोरा_कॅनव्हास

मधुमालतीताई, मुद्दा भारी आहे. पण त्यातून तुम्ही काढता ते निघत नाही.

माणूस आपला फोटो जवळ ठेवतो तो त्यात आपण कसे दिसतो म्हणून, तसाच तो कुणी काढला म्हणूनही. तिशीतलं आपलं रूप, आणि ते काढणारा आता जगात नाही. त्रेपन्नाव्या वर्षी ते घ्यावंसं वाटणं म्हणजे डोळ्यांना मान्यता देणं नव्हे. शिवाय ती स्वतः चित्रकार होती. चित्र म्हणून ते अव्वल आहे हे तिला कळत नव्हतं थोडंच? मी तरी कुठे नाही म्हणतेय.

माझा मुद्दा दुसरा आहे आणि तो डोळ्यांहून मोठा आहे. मानेने १८६८ ते १८७४ या काळात तिला दहाहून अधिक वेळा रंगवलं. बाल्कनीत बसवून, सोफ्यावर रेलून, पंखा हातात देऊन, जाळीच्या बुरख्यात, फुलांसकट. एकदाही, एकदाही तिच्या हातात ब्रश नाही! आणि ब्रश हातात दिलेली बाई त्याला रंगवता येत नव्हती असं नाही. एव्हा गोन्झालेस ही त्याची शिष्या, तिला त्याने चित्रफलकापुढे बसवून रंगवलं आणि १८७० च्या सलोंत लावलं. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीचं आहे. म्हणजे शिष्या असली की चित्रकार, आणि बरोबरीची असली की फुलांचा गुच्छ.

याच मानेने १८६८ मध्ये चित्रकार फाँतँ-लातूरला पत्रात लिहिलं होतं की मोरिझो भगिनी मोहक आहेत, पुरुष नाहीत ही वाईट गोष्ट. यावर काय म्हणायचं ते मंडळींनी ठरवा.

—

उडती_खबर

पण मुळात यांच्यात काहीतरी होतं ना? चित्रातली नजरच सांगते. नंतर तिने लग्न केलं ते त्याच्या धाकट्या भावाशी, युजीनशी, डिसेंबर १८७४ मध्ये. आणि लग्नानंतर त्याने तिला पुन्हा कधी रंगवलं नाही. थोरले दीर एकदम गप्प. दोन अधिक दोन करा.

—

तिरकस_पेठकर

दोन अधिक दोन चार होतात, कादंबरी होत नाही.

—

मधुमालती

+१ पेठकर. बैठकींना तिची आई बरोबर येऊन बसायची. पत्रांतही असलं काही सापडत नाही. सापडतो तो एव्हा गोन्झालेसबद्दलचा मत्सर, आणि तो फार गमतीदार आहे. मोरिझो बहिणीला लिहिते की माने मला उपदेश करतो आणि त्या गोन्झालेसबाईचा आदर्श पुढे ठेवतो, पण तिचं चित्र मात्र त्याला जमत नाहीये. ती रोज येऊन बसते आणि रोज रात्री चित्रातलं तिचं डोकं साबणाने धुऊन निघतं. ही भाषा विरहिणीची नाही. स्पर्धकाच्या चित्रात चूक सापडलेल्या चित्रकाराची आहे.

—

दूरदेशी

मी फ्रान्समध्ये राहतो, ऑर्सेत जाणं होतं. चित्रासमोर उभं राहिल्यावर फोटोत न कळणाऱ्या गोष्टी सांगतो, मग भांडा.

एक, काळा एकसारखा नाही. टोपी कुठे संपते आणि टोपीच्या फिती कुठे सुरू होतात हे एका जागी धड कळत नाही, आणि फितींमधून केसांच्या बटा सुटल्यात. त्या तपकिरी आहेत, काळ्या नाहीत. म्हणजे केसांचा रंग त्याने ठेवलाय. दोन, गळ्याशी पांढऱ्याचा जो त्रिकोण आहे तिथे रंग घाईत लावल्यासारखा आहे. तीन, व्हायोलेटची फुलं म्हणजे काळ्यावर मारलेले थोडे निळसर ठिपके, जवळ गेलं की फुलं उरतच नाहीत. सगळं चित्र एका दमात केल्यासारखं वाटतं. गोन्झालेसच्या डोक्यासारखी साबणाची पाळी इथे आलेली दिसत नाही.

आणि डोळे. मला ते 'काळ्या रंगाचे डोळे' असे दिसले नाहीत. एक सावलीत, एक उजेडात, तरी दोन्ही सारखेच गडद. हे निसर्गात होत नाही. ज्या डोळ्यावर उजेड पडलाय तो फिका दिसायला हवा. म्हणजे त्याने मुद्दाम केलंय, नजरचुकीने नाही. का केलंय ते तज्ज्ञ सांगतील.

—

कोरा_कॅनव्हास

दूरदेशी, मनापासून आभार. पण बघा, केसांचा तपकिरी त्याने ठेवला. मग काळी_शाईंची टोपी-केस-डोळे-पोशाख साखळी कुठे गेली? केस त्यात नाहीतच. निवडून फक्त डोळेच बदललेत.

—

काळी_शाई

केस साखळीत नसतील, पण साखळी आहे. बरं, केस काढा. टोपी, डोळे, फिती, पोशाख. चेहऱ्याच्या उजळ पट्टीत काळ्याला उतरायला दोनच जागा आहेत, त्या म्हणजे डोळे. केस तपकिरी राहिले तर चालतात, कारण ते कडेला आहेत. मधोमध जे येतं ते बदलावं लागतं. व्यक्तिचित्र काढणारा प्रत्येक जण हे करतो. कुणी ओठ बारीक करतो, कुणी हनुवटी वर उचलतो. फक्त इथे साक्षीदार निघाला म्हणून पकडला गेला.

आणि वास्तववादाचं म्हणाल तर मानेने रंगांची यादी द्यायचं वचन कुणाला दिलं होतं? तो आपल्या काळातली माणसं आपल्या काळाच्या कपड्यांत रंगवत होता. १८७२ मध्ये एक सुशिक्षित, धीट, तिशीतली अविवाहित बाई बघणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बसलीय. लाजत नाहीये, हसत नाहीये, पुस्तक-पंखा काही नाही. त्या काळच्या सलोंतल्या बायकांची चित्रं आठवून बघा आणि मग सांगा वास्तव कुठे जास्त आहे. ब्रश हातात दिला की बाई चित्रकार होते असं तुम्ही म्हणता. गोन्झालेसच्या हातात ब्रश आहे, पण अंगात पांढराशुभ्र झोकदार झगा आहे. तो घालून तैलरंगांजवळ कोण जाईल? त्या चित्रात ती चित्रकार दिसत नाही, चित्रकाराचा देखावा दिसतो. इथे हातच दिसत नाहीत, तरी ही बाई बघणं हाच जिचा उद्योग आहे अशी दिसते.

—

प्रश्नचिन्ह

हा मुद्दा मात्र बिनतोड. गोन्झालेसचं चित्र मी पुन्हा उघडून बघितलं. ब्रश धरलेला हात इतका ताठ आहे की पंखा धरलाय असं वाटतं.

—

रंगपंचमी

चर्चा उशिरा वाचली. आम्हाला चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच वर्षी सांगायचे, ट्यूबमधला काळा थेट लावायचा नाही, सावली निळ्या-तपकिरीतून काढायची. ही शिस्त आली इम्प्रेशनिस्टांकडून. गंमत म्हणजे त्यांच्यातल्याच पिसारोने मानेबद्दल म्हटल्याचं सांगतात की तो आमच्यापेक्षा ताकदीचा, त्याने काळ्यातून उजेड काढला.

आणि त्यांच्यातलाच देगा मात्र मानेवर चिडलेला होता. १८७४ मध्ये इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन भरवताना देगाने चित्रकार टिसोला लिहिलं की वास्तववाद्यांचं स्वतःचं सलों हवं, आणि मानेला ते कळत नाही, तो हुशारीपेक्षा गर्विष्ठ जास्त आहे. त्याच प्रदर्शनात मोरिझो गेली, माने गेला नाही. म्हणजे वास्तववादी कोण, हे ठरवायचं असेल तर त्या दोघांत तरी ती एक पाऊल पुढे होती, तो सरकारी सलोंच्या दारात उभा होता. हे कुणी मांडलं नाही म्हणून मांडलं.

—

कोरा_कॅनव्हास

रंगपंचमी, हे मला हवं होतं.

काळी_शाई, 'बघणं हाच जिचा उद्योग' हे वाक्य चांगलं आहे, पण तुम्हाला ती चित्रकार होती हे आधीच ठाऊक आहे म्हणून तसं दिसतं. नाव न सांगता हे चित्र कुणाला दाखवा. शोकातली विधवा म्हणतील, प्रेयसी म्हणतील. वर उडती_खबर यांनी नाव माहीत असूनही काय पाहिलं ते आपण वाचलंच. मृत्यूच्या दाखल्यात तिचा व्यवसाय 'काही नाही' असा लिहिला गेला. पासीच्या दफनभूमीत ती मानेच्या कुटुंबाच्या थडग्यात आहे, वर पुतळा एदुआरचा आणि तिच्या नावापुढे युजीन मानेची विधवा एवढंच. सगळा दोष एका चित्राचा नाही हे मलाही कळतं. पण अशा बाईचं सर्वांत गाजलेलं चित्र तिच्या कामाबद्दल चकार शब्द काढत नसेल, तर ते मला खुपणारच.

तुलनेला तिने स्वतः १८८५ मध्ये केलेलं आत्मचित्र घ्या, पॅरिसच्याच मार्मोताँ संग्रहालयात आहे. चव्वेचाळीस वर्षांची, केस पिकायला लागलेले, हातात पॅलेट. अर्धवट सोडल्यासारखं, कॅनव्हास जागोजागी उघडा. त्यात ती सुंदर दिसायचा जराही प्रयत्न करत नाही.

—

मधुमालती

त्या आत्मचित्राबद्दल पूर्ण सहमत, पण तेही मानेला उत्तर म्हणून वाचू नका हो. ती पन्नास गोष्टी रंगवत होती, त्यात स्वतःला. बाय द वे, तिने लग्नानंतरच्या वर्षी नवऱ्याला रंगवलं, इंग्लंडच्या वाइट बेटावर, खिडकीशी बसलेला. तो बाहेर बघतोय, बाहेर बायका-पोरं चाललीयत. नेहमी बाई खिडकीत आणि पुरुष रस्त्यावर, इथे उलटं. बाई गप्प बसली नव्हती, एवढंच म्हणते.

—

दूरदेशी

अवांतर: लिलावातली दोन्ही चित्रं, नाचाच्या पोशाखातली तरुणी आणि ही काळी टोपी, आता ऑर्सेच्याच मालकीची आहेत. पण जागा बदलत असतात, कधी कधी एखादं दुसऱ्या शहरात प्रदर्शनाला गेलेलं असतं. जाणार असाल तर आधी संकेतस्थळावर बघून जा.

—

काळी_शाई

कोरा_कॅनव्हास, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या १८७० च्या चित्राकडे परत येतो, कारण तिथे मी अर्धा तुमच्या बाजूला आहे. ते चित्र आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आईचा काळा पोशाख आणि चेहरा बघा, बहिणीचा पांढरा पोशाख बघा. दोन वेगळे हात स्पष्ट दिसतात. काळ्यावर रुंद, भरधाव फटकारे, ते मानेचे. पांढऱ्यावर तिचे, हलके, सावध. दुसऱ्याच्या चित्रावर असं चढणं हा सरळ उद्धटपणा आहे, त्याची बाजू मी घेणार नाही.

पण १८७२ च्या चित्रात कॅनव्हास त्याचा होता. त्यावर काय करायचं हा त्याचा हक्क.

—

कोरा_कॅनव्हास

कॅनव्हास त्याचा, डोळे तिचे. इथे आपलं जमणार नाही.

वॉशिंग्टनच्या चित्रावर वेगळा धागा काढा ना, दोन हातांचे क्लोज-अप टाकून. तिथे नक्की येते.